शेतावरच्या पाहुणघराची बाग: खानदेशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत शेतावर पाहुण्यांसाठी दोन-चार खोल्या काढणाऱ्यांना मी भोवतालची जागा आखून देते. फोनवर आणि बांधावर उभं राहून विचारले जाणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. जे एका ठिकाणी सांगून झालं आहे तिथे पुढे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ताई, चारी बाजूंनी आमचं वावरच आहे. मग वेगळी बाग लागतेच कशाला?

फार वेगळी नाहीच लागत. पुण्याहून किंवा सुरतेहून येणारा पाहुणा कापूस, केळी आणि दादर (रब्बी ज्वारी) बघायला येतो. कापलेली झुडपं आणि रंगीत कारंजं त्याच्या घराखाली असतं. पण वावर पिकासाठी आखलेलं असतं, माणसाने तिथे दुपारी दोन वाजता बसावं म्हणून नाही. तेवढी सोय आपल्याला करायची आहे: बसायला गार सावली, पाय चिखलात न भरता जाता येईल अशी वाट, आणि ओट्यावर बसल्या बसल्या पीक दिसेल अशी मोकळी नजर. यातली सावली सर्वांत आधी, कारण ती पैसे टाकून पुढच्या महिन्यात आणता येत नाही. फुलांचा विचार मी नेहमी शेवटी करते.

२. आधी खोल्या बांधू की आधी झाडं लावू?

झाडं आधी. बांधकाम सहा महिन्यांत उभं राहतं. लिंबाखाली (म्हणजे कडुनिंबाखाली) खाट टाकता यायला ठिबकवरही चार-पाच वर्षं जातात. खोल्यांची जागा नक्की झाली की त्याच पावसाळ्यात झाडं लावा. बांधकामाच्या गाड्या कुठून वळणार ते मात्र आधी ठरवून ठेवा, नाहीतर विटांच्या ट्रॅक्टरखाली रोपं जातात.

जागा ठरवण्याआधी मे महिन्यातला एक दिवस तिथे काढा. आपण साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहोत. मेच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि जूनमध्ये किंचित उत्तरेलाही सरकतो. म्हणून उन्हाळ्यातलं मावळतीचं ऊन थेट पश्चिमेकडून न येता वायव्येकडून तिरपं आत शिरतं. भिंती तापवतं ते हेच, तीन ते साडेसहाचं ऊन. दुपारी चार वाजता भिंतीची सावली कुठवर पडते तिथे फक्कीने रेघ मारा. दाट झाडं पश्चिमेला आणि वायव्येला हवीत हे मग सांगावं लागत नाही.

दक्षिणेला पानगळीची झाडं लावा, म्हणजे हिवाळ्यात ऊन येईल, असा सल्ला बरेच जण ऐकून येतात. आपल्याकडे तो लागू पडत नाही. आपली पानगळ होते फेब्रुवारी-मार्चात. डिसेंबरच्या थंडीत झाड पानांनी भरलेलंच असतं. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेला कललेला, क्षितिजापासून जेमतेम ४५ अंशांवर असतो. कोवळं ऊन अंगावर घ्यायचं असेल तर दक्षिणेचं अंगण सरळ मोकळं ठेवा. मेमध्ये तिकडून फारसा त्रास होत नाही.

३. सावलीसाठी कोणती झाडं लावू? नर्सरीवाला गुलमोहर देतो म्हणतो.

झाड निवडताना एकच प्रश्न विचारा: मे महिन्यात त्याला पानं असतात का? यात मी स्वतः चुकले आहे. अगदी सुरुवातीच्या एका कामात मी पश्चिमेला बहाव्याची रांग लावली. पाच वर्षांनी झाडं सोन्यासारखी फुलली, आणि खाली सावलीचं नाव नव्हतं, कारण बहावा फुलतो तेव्हा जवळजवळ निष्पर्ण असतो. मालकाला तिथे परत मांडव घालावा लागला. गुलमोहराचंही तसंच. त्यातून त्याची फांदी ठिसूळ. मृगाआधीच्या वावटळीत ती मोडते आणि खाली पाहुण्याची गाडी असते.

कडुनिंब हे आपलं पहिलं झाड. फेब्रुवारी-मार्चात पानं गाळून एप्रिलपर्यंत तो नव्या पालवीने भरून येतो, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा दाट असतो. चैत्रात त्याच्या मोहराचा वास अंगणभर पसरतो. त्याच्या जोडीला करंज. करंज लवकर वाढतो, काळ्या जमिनीत रुळतो आणि गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे उघड्या जागेवरही जगतो. जागा ऐसपैस असेल तर एक चिंच नक्की लावा. तुमच्या नातवंडांच्या पाहुण्यांना ती उपयोगी पडेल. खोलीच्या अगदी समोर, जिथे छोटं आणि कायम हिरवं झाड हवं, तिथे बकुळ. ती सावकाश वाढते, पण पहाटे खाली पडलेला सडा बघून पाहुणे थांबतात.

अंजनाची शिफारस मी मुद्दाम करते. धुळे-जळगावच्या कोरड्या डोंगरांवरचं हे आपलं झाड, जोडपानाचं, खाली झुकलेल्या डहाळ्यांचं. वाढ संथ, पण बरड जमिनीत तग धरण्यात त्याचा हात धरणारं दुसरं झाड कमी. बांधावर दोन-तीन लावा.

जांभूळ, उंबर आणि वड यांना जागा हवी, पण बसण्याच्या जागेवर नको. जांभळाने जूनमध्ये फरशी जांभळी होते, उंबराच्या फळांवर किडे आणि रात्री वटवाघळं येतात. पाखरांसाठी ती लावायची तर विहिरीपासून आणि खोल्यांपासून लांब, शेताच्या कोपऱ्यात. बहावा, पळस, पांगारा बघण्याची झाडं आहेत. ओट्यावरून दिसतील अशा अंतरावर, पूर्वेला किंवा फाटकाजवळ लावा. होळीच्या सुमाराला पेटलेला पळस लांबूनच जास्त चांगला दिसतो.

सुबाभूळ, निलगिरी आणि कोनोकार्पस नको. कोनोकार्पस झटपट हिरवा पडदा करतो म्हणून रस्तोरस्ती दिसतो. शेजारच्या गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे.

४. रोप लावायची रीत काळ्या जमिनीत वेगळी असते का?

असते. खड्डे एप्रिल-मेमध्ये खणून उन्हात तापू द्या. दोन-अडीच फूट लांब, रुंद आणि खोल पुरेत. भरताना बाहेरून लाल माती किंवा रेती आणून भरू नका. भारी काळ्या जमिनीत असा भुसभुशीत खड्डा पावसात पाण्याचा हौद होतो आणि मुळं कुजतात. खणलेलीच माती, तिच्या चौथ्या हिश्शाइतकं कुजलेलं शेणखत आणि उधईसाठी ओंजळभर निंबोळी पेंड एवढंच टाका. शेणखत कच्चं असेल तर उधई हमखास लागते. रोप जमिनीपेक्षा वीतभर उंचवट्यावर बसवा आणि आळं खोडाला टेकून न करता फूटभर लांबून गोल काढा. लागवड पहिल्या झडीनंतर, माती खोलवर ओली झाल्यावर.

साक्री किंवा पाटणादेवीकडच्या मुरमाड जमिनीत याच्या उलट: खड्डा तीन-चार फुटांचा घ्या आणि त्यात गाळाची माती भरा. तिथे पाणी साचत नाही, ते निसटून जातं.

५. खोलीपासून झाड किती लांब लावायचं? जवळ असलं तर खोली गार राहील ना?

गार राहील, पण काळ्या जमिनीत भिंत तडकण्याची भीती आहे. ही जमीन पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते. भिंतीलगतचं मोठं झाड उन्हाळ्यात पायाखालची ओल ओढतं, तिथली माती इतर बाजूंपेक्षा जास्त आकसते आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. एका ठिकाणी आठ फुटांवर लावलेल्या लिंबाने चौथ्या उन्हाळ्यात हेच केलं. पाया मुरुमापर्यंत नेलेला असेल तर लिंब-करंजासाठी २५ फूट पुरतात. पाया उथळ असेल तर ४० फुटांच्या आत मोठं झाड नको. वड-पिंपळ याहूनही लांब. शौचालयाच्या टाकीपासून आणि पाइपांपासूनही असंच अंतर सोडा.

मग भिंतीला सावली कशी मिळणार? पश्चिमेच्या भिंतीपासून तीन-चार फूट सोडून मांडव घाला आणि त्यावर वेल चढवा (प्रश्न ६).

६. पाहुणे याच दिवाळीत येणार आहेत. एवढ्या लवकर सावली कशी मिळेल?

मांडव. बांबूचे किंवा लोखंडी खांब, वर आडव्या काठ्या, त्यावर पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) नाहीतर तुराट्या (तुरीच्या). आपल्या शेतातला माल, आणि त्यातून झिरपणारी सावली हिरव्या जाळीपेक्षा कितीतरी गार असते. जाळीखाली हवा कोंडते. पावसाळ्यात मांडवावर गिलके, दोडके, वाल सोडा. दिवाळीला पाहुण्यांसमोर गिलकी लटकत असतील आणि ती तोडून स्वयंपाकघरात नेता येतील. कायमसाठी मधुमालती लावा, संध्याकाळी तिचा वास सुटतो.

दरम्यान शेवगा, पपई आणि शेवरी हे वर्षभरात डोक्यावर जातात. कायमच्या रोपांच्या पश्चिमेला शेवरी लावली तर त्यांना दुपारच्या झळांपासून आडोसाही मिळतो. तीन वर्षांनी ती काढून टाकायची, हे मनाशी आधीच ठरवा.

७. पाहुण्यांना लॉन लागतं असं सगळे म्हणतात. थोडं तरी करू का?

नका करू. हिशेब साधा आहे: एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. मे महिन्यात आपल्याकडे हिरवळीला दिवसाला सात-आठ मिलिमीटर पाणी लागतं. दहा मीटर बाय दहा मीटरच्या लॉनला म्हणजे रोज ७०० ते ८०० लिटर, तेही भुसावळ-जळगावात पारा ४५ च्या आसपास असताना आणि रावेर-यावलच्या बोअर तळाला गेलेल्या असताना. तेवढ्या पाण्यात ठिबकवरची तीसेक नवी झाडं आरामात उन्हाळा काढतात. आणि एवढं करून मेच्या दुपारी लॉनवर कुणी बसत नाही.

त्याऐवजी खळं करा. मातीचं, चोपून, शेणाने सारवलेलं गोल अंगण, आजोबांच्या वेळी मळणीला करायचे तसं. खाली मुरूम दाबून वर पांढरी माती आणि भुसा यांचा गिलावा द्या. दर पंधरवड्याला सारवायला लागतं, हे खरं. पण संध्याकाळी त्यावर पाणी शिंपडून खाटा टाकल्या की पाहुणे जेवणापर्यंत उठत नाहीत. लहान मुलांना लोळायला हिरवं हवंच असेल तर पावसाळ्यात आपोआप उगवणारी हरळी सावलीच्या एका पट्ट्यात राहू द्या. उन्हाळ्यात ती वाळेल, पावसाने परत येईल.

८. उन्हाळ्यात झाडांना किती पाणी द्यायचं?

नव्या रोपाला पहिल्या उन्हाळ्यात एक दिवसाआड १५-२० लिटर, दुसऱ्या वर्षी आठवड्यातून दोनदा त्याच्या दुप्पट. ताशी चार लिटरचे दोन ड्रिपर खोडापासून फूटभर अंतरावर ठेवा आणि झाड वाढेल तसे बाहेर सरकवा. खोडाशीच ठेवलेल्या ड्रिपरने मुळं तिथेच गोळा होतात. बाकी आच्छादन: केळीची वाळलेली पानं, गव्हाचं काड, उसाचं पाचट, जे असेल ते चार बोटं जाड. ते खोडाला चिकटू देऊ नका. ठिबक पोहोचत नसेल तिथे मडकं पुरून त्यात पाणी भरणं अजूनही उत्तम चालतं. तिसऱ्या वर्षानंतर लिंब, करंज आणि अंजन यांचं पाणी तोडा, म्हणजे मुळं खाली जातात.

९. अंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी बागेला चालेल का?

चालेल, आणि द्यायलाच हवं. एका पाहुण्यामागे अंघोळ-धुण्याचं ५०-६० लिटर तरी निघतं. खोलीमागे मीटरभर खोल, दोन मीटर रुंद खड्डा घ्या, तळाला दगडगोटे, वर काड्याकुड्या आणि पालापाचोळा, आणि काठाने केळी, कर्दळ, अळू लावा. स्वयंपाकघराचं पाणी आधी तेल अडवणाऱ्या छोट्या टाकीतून न्या, नाहीतर खड्डा महिन्यात तेलकट होऊन तुंबतो. संडासाचं पाणी यात सोडायचं नाही. मेथी-कोथिंबिरीसारख्या कच्च्या खायच्या भाजीला हे पाणी देऊ नका; अळू शिजवून खातो, तरी पाहुण्यांच्या ताटासाठी अळूचा वेगळा वाफा ठेवावा असं मला वाटतं.

१०. पावसाळ्यात काळी माती चपलांना किलोकिलोने चिकटते. वाटेला काय करायचं?

वाटेवरची काळी माती फूटभर काढून टाका. ती न काढता वर मुरूम टाकला तर दुसऱ्या पावसाळ्यात मुरूम खाली गडप होतो. काढलेल्या जागी मुरूम दोन थरांत टाकून, पाणी मारून, धुम्मस करून दाबा. मधोमध थोडा उंचवटा आणि कडेला चारी. कडेने गोटे लावले की वाट पसरत नाही. फरशी घालायची तर खडबडीत आणि सांधे वाळूचे ठेवा. सिमेंटने पक्के केलेले सांधे जमीन हलली की फुटतात. गुळगुळीत टाइल पावसात घसरते. काळा दगड मेमध्ये अनवाणी पायांना भाजतो, म्हणून खोलीपासून हौदापर्यंतच्या वाटेवर सावली असेल असं बघा.

ओट्याच्या पायरीपाशी पाय धुवायची जागा करा. नळ, बसायला दगड, आणि पाणी जाईल कर्दळीच्या वाफ्यात. छोटी गोष्ट आहे, पण खोल्यांची साफसफाई निम्म्यावर येते.

११. केळीची बाग अगदी खोल्यांना लागून आहे. पाहुण्यांना तिचं फार कौतुक. काही धोका?

कौतुक रास्त आहे. मेच्या दुपारी रावेर-सावद्याकडच्या केळीत शिरलं की आपोआप श्वास मोकळा होतो. कडेच्या दोन ओळींमध्ये एक ओळ सोडून बाक टाका, पाहुण्यांना दुसरं काही दाखवावं लागणार नाही. केळीच्या चिकाचे डाग कपड्यांवरून जात नाहीत, हे त्यांना आधी सांगा.

खरा धोका केळीलाच आहे, तुमच्या परसबागेपासून. काकडीवर्गीय वेली, टोमॅटो, मिरची यांच्यावरून मावा उडून केळीत येतो आणि कुकुंबर मोझॅक विषाणू आणतो, ज्याला आपण हरण्या म्हणतो. म्हणून केळी शेजारी असेल तर प्रश्न ६ मधल्या मांडवावर गिलकी-दोडकी नकोत. तिथे मधुमालती किंवा कृष्णकमळ घ्या, आणि भाजीचे वाफे केळीपासून दूर, शेताच्या दुसऱ्या टोकाला न्या. वाऱ्यासाठी पश्चिमेला शेवरीची किंवा गजराज गवताची दाट ओळ ठेवलीत तर केळीची पानंही फाटणार नाहीत आणि खोल्यांवरची झळही कमी होईल.

१२. शेतात फवारणी तर करावीच लागते. पाहुणे असताना काय?

पाहुणे असताना वारा जिकडून खोल्यांकडे येतो त्या बाजूला फवारणी नको, हा नियम सालदारापर्यंत (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्यापर्यंत) पोहोचला पाहिजे. तुम्ही गावाला गेलात की नेमकी त्याच दिवशी फवारणी निघते. खोल्यांलगतचं १००-१५० फुटांचं वावर फवारणीविना निघेल अशा पिकाला द्या: दादर, तीळ, किंवा चाऱ्याची मका. कापूस त्याच्या पलीकडे. मधल्या बांधावर शेवरी-निर्गुडीची कुंपणओळ लावली तर उडणारे थेंब बरेच अडतात. फवारणीचा पंप आणि डबे पाहुण्यांच्या वाटेवरच्या खोलीत ठेवू नका, आणि ती खोली कुलपात हवी.

१३. कुंपणाला तार पुरेल की झाडोरा करू?

तार करा आणि तिच्या आत झाडोरा. मेंदी, करवंद, सागरगोटा यांच्यात गुरं शिरत नाहीत. सागरगोट्याचे काटे वाईट, म्हणून तो फक्त लांबच्या हद्दीवर. खोल्यांच्या बाजूला मेंदी आणि अडुळसा. घाणेरी फुलांमुळे गोंडस दिसते, पण ती लावू नका. एकदा शिरली की नाल्याने शेजाऱ्याच्या वावरात जाते.

१४. वासाची फुलं कोणती? आणि मुलांसाठी कोणती झाडं धोक्याची?

मोगरा, पारिजातक, तगर, जाई आणि रातराणी. रातराणी खिडकीखाली नको, काहींचं डोकं चढतं. झेंडूचा एक वाफा आलटून पालटून असावा. तुळशीवृंदावन तर अंगणात असतंच. पाहुण्यांच्या अंगणात वेगळं नको, घरच्या तुळशीकडे वाट नेली की पुरे.

कण्हेर, विशेषतः पिवळी, सगळ्या अंगाने विषारी आहे. ती मंदिराच्या बाजूला असेल तर असू द्या, मुलं खेळतात तिथे नको. धोतरा, गुंजेचा वेल, एरंडाच्या बिया आणि रुईचा चीक, यांपासूनही मुलांना लांब ठेवा. गाजरगवत फुलायच्या आधी उपटा. शहरातल्या कित्येकांना त्याची खाज सुटते आणि शिंका येतात.

१५. साप निघतात का, हा पाहुण्यांचा पहिला प्रश्न असतो. काय सांगू आणि काय करू?

खरं सांगा: शेत आहे, साप असतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही विषारी साप आपल्याकडे आहेत. करायचं ते बागेच्या आखणीतच करता येतं. खोल्यांपासून ३० फुटांत लाकडं, विटा, दगड, कडबा यांचा ढीग नको. धान्य सांडलं की उंदीर येतात आणि उंदरामागे साप. खोलीभोवती तीन फुटांचा मुरमाचा उघडा पट्टा ठेवा, त्यावर काही लावू नका. जे येईल ते दिसतं. ओट्याला टेकलेली वेल, जमिनीला लोळणारी जास्वंद छाटा. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते, म्हणून बाहेर झोपणाऱ्यांना खाटच द्या. प्रत्येक खोलीत बॅटरी ठेवा. साप चावलाच तर मंत्र-तंत्र, चिरा देणं काही नको. १०८ ला फोन आणि थेट दवाखाना. जवळच्या कुठल्या रुग्णालयात सर्पदंशावरची लस (प्रतिविष) असते हे हंगामाआधीच विचारून ठेवा.

दिव्यांचाही याच्याशी संबंध आहे. पांढऱ्या तेज दिव्यांवर पावसाळ्यात किडे-पाखरं जमतात, त्यांच्यामागे बेडूक, बेडकांमागे साप. पिवळसर दिवे, गुडघाभर उंचीचे, खाली तोंड केलेले, फक्त वाटेवर. दहा वाजता तेही बंद करा. चांदणं बघायलाच तर ते आलेत.

१६. शेततळं दाखवायचं की लपवायचं?

लांबून दाखवायचं, जवळ जाऊ द्यायचं नाही. प्लास्टिकच्या कागदाचा उतार ओला झाला की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही बाहेर निघता येत नाही. सगळीकडून पाच फुटी कुंपण, कुलूप असलेलं फाटक, चारही बाजूंना गाठी मारलेला जाड दोर पाण्यापर्यंत, आणि तरंगायला ट्यूब. बांधावर मोठी झाडं लावू नका, मुळं कागद फोडतात. पाण्याकाठी बसायचीच हौस असेल तर विहिरीजवळ उथळ हौद बांधा, मुलांच्या गुडघ्याइतका, आणि तिथून पाट काढून पाणी बागेत न्या. विहिरीला कठडा हवाच. जुनी मोटेची विहीर असेल तर तिचं थारोळं (मोटेचं पाणी पडायचं कुंड) आणि दगडी धाव (बैलांची चालायची वाट) मोडू नका, ते नीट झाडून ठेवा.

१७. भरीत पार्टीची जागा कुठे करू?

खोल्यांच्या नैऋत्येला. भरताचा मोसम हिवाळ्याचा, आणि तेव्हाचा वारा बहुतेक उत्तर-पूर्वेकडून असतो. धूर खोल्यांकडे न येता उलट जाईल. पंधरा फूट व्यासाचं गोल मोकळं खळं, भोवती बसायला दगड, एका बाजूला वांगी भाजायच्या पऱ्हाट्यांचा साठा. पण तो आगीच्या जागेपासून ३० फूट लांब आणि खोल्यांपासूनही तितकाच (प्रश्न १५). पाण्याचा भरलेला ड्रम कायम असावा. एप्रिलमध्ये गव्हाचं काड वाळलेलं असताना तिथे विस्तव पेटवू नका. आसपास भरताच्या वांग्याचा वाफा आणि कांद्याची पात असेल तर पाहुण्यांना स्वतः तोडून आणू द्या. वाफा केळीपासून लांब हवा, कारण प्रश्न ११ मध्ये आहे.

१८. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोका बांधायचा आहे. कुठल्या झाडाला?

लिंबाला नाहीतर चिंचेला. फांदी मांडीइतकी जाड, जमिनीला समांतर आणि जिवंत हवी. जांभूळ, शेवगा, गुलमोहर यांना कधीच नाही. फांदीवर गोणपाट गुंडाळून त्यावर नाडा बांधा, सालीला करकोचा पडत नाही. खाली भुसभुशीत माती टाका. आखाजीपुरता बांधून उतरवण्यापेक्षा बारा महिने ठेवा, मात्र दर पावसाळ्यानंतर नाडा बदला. माहेरवाशिणी आणि पाहुण्या एका झोक्यावर आल्या की गाणी आपोआप सुरू होतात.

१९. आमचं शेत डोंगरांच्या पायथ्याला, नवापूरकडे आहे. हेच सगळं लागू होतं का?

निम्मं होतं. तुमच्याकडे पाऊस अमळनेर-शिंदखेड्याच्या जवळपास दुप्पट. तिथे पाण्यापेक्षा निचऱ्याची चिंता जास्त: वाटेच्या दोन्ही कडांना चाऱ्या हव्यात आणि सारवलेलं खळं पावसाळ्यात टिकणार नाही, दगडी अंगण करा. झाडांत मोह, साग, आवळा, चारोळी, बांबू घ्या. मोहाखाली फुलं वेचायची गावातल्या बायांची जुनी वहिवाट असेल तर ती अडवू नका. फाटक त्या वेळी उघडं ठेवा. पाहुण्यांसाठीही ती सकाळ बघण्यासारखी असते.

२०. जागेच्या मधोमध जुना आंबा आहे आणि आराखड्यात तिथे खोली येते. तोडला तर?

आराखडा बदला. पन्नास वर्षांची सावली तुम्हाला आयती मिळाली आहे आणि प्रश्न २ मधली पाच वर्षं वाचली आहेत. शिवाय आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग ही झाडं १९६४ च्या महाराष्ट्राच्या वृक्षतोड नियमन कायद्यात येतात. स्वतःच्या शेतातलं असलं तरी परवानगी लागते. खोली पुढे सरकवा आणि आंब्याभोवती पार बांधा. पार बांधताना खोडाभोवती माती भरू नका, बुंधा दबून झाड हळूहळू मरतं. पार खांबांवर किंवा सुट्या दगडांवर उचला आणि खोडाशी हातभर जागा मोकळी सोडा.

२१. बांधावर लिंब लावले तर शेजारी म्हणतो माझ्या कपाशीवर सावली पडते. कोणाचं ऐकू?

त्याचं. बांध दोघांचा, आणि सावलीत कपाशीची बोंडं खरंच कमी भरतात. झाडं तुमच्या हद्दीत २० फूट आत घ्या. बांध तुमच्या उत्तरेला असेल तर हिवाळ्यात तुमच्या झाडाची लांब सावली थेट त्याच्या दादरीवर पडते. तिथे उंच झाड न लावता करवंद-मेंदी लावा. बांध दक्षिणेला असेल तर सावली तुमच्याच बाजूला येते, त्याचं फारसं नुकसान नाही. तरी लावण्याआधी त्याला दाखवा आणि जमलं तर दोन रोपं त्यालाही द्या. जमीन भाऊबंदकीत सामाईक असेल आणि वाटणी व्हायची असेल तर मोठी झाडं वाटणी होईपर्यंत लावू नका. मांडव आणि सुटी फुलझाडं यांवर एक-दोन वर्षं काढा.

२२. आमच्या बागेजवळून फडाचा पाट जातो. त्यातून झाडांना पाणी घेतलं तर चालेल?

पांझरा नदीकाठच्या गावांत, जिथे बंधाऱ्याचं पाणी फडांत (शेतांच्या गटांत) पाळीपाळीने वाटतात, तिथे हा प्रश्न येतो. पाळी नसताना घेऊ नका, बादलीभरही नाही. फडाचं पाणी शेकडो वर्षं वाटून घेतलं गेलं ते पाळी पाळल्यामुळेच, आणि पाहुण्यांच्या फुलांसाठी पाट फोडला असं गावात झालं तर पाटकऱ्यापासून (पाटाचं पाणी वाटणाऱ्यापासून) सरपंचापर्यंत सगळ्यांशी वैर येतं. पाटाच्या काठी तुमच्या हद्दीत एक बाक टाका आणि दोन करंज लावा. पाळीच्या दिवशी पाणी आलं की पाहुण्यांना तिथे घेऊन बसा. बागेची तहान मात्र प्रश्न ८ आणि ९ मधल्या पाण्यावर भागवा.